नेपाळात जाजरकोटला वैद्यकीय सेवेसाठी जायचंय, अनुभवी लोकांनी सल्ला द्या

रात्रपाळीची_सिस्टर

नमस्कार. आमच्या चर्चमधून अकरा जण मार्चमध्ये नेपाळला जाणार आहोत. 3 नोव्हेंबर 2023 च्या रात्री जाजरकोट आणि पश्चिम रुकुम जिल्ह्यांत भूकंप झाला होता, आठवत असेल. पावणेबाराची वेळ, लोक झोपलेले, दगडमातीची घरं. दीडशेहून जास्त माणसं गेली. वर्ष उलटलं तरी बरीच कुटुंबं अजून पत्र्याच्या आडोशाला राहतात, असं तिकडच्या एका मंडळीने, म्हणजे चर्चने, आमच्या पाळकसाहेबांना कळवलंय.

गटात एक फिजिशियन, एक बालरोगतज्ज्ञ, एक दंतवैद्य, माझ्यासकट तीन नर्सेस, एक फार्मासिस्ट आणि चार जण "सांगाल ते करू" म्हणणारे. एकूण दहा दिवस, प्रवास धरून. बेत असा की रोज एका गावात शिबिर लावायचं.

औषधं किती न्यावीत? परवानग्या कुणाच्या लागतात? आणि त्या चौघांना काय काम द्यायचं? औषधं गोळा करतोय असं रविवारी जाहीर केल्यापासून चर्चच्या मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. काल एका काकूंनी दिलेल्या पिशवीत अर्धी संपलेली खोकल्याची बाटली निघाली. चमच्यासकट.

उतारावरचा_दवाखाना

सिस्टर, आधी त्या खोलीला कुलूप घाला.

2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात जगभरातून सुमारे 4,000 टन औषधं येऊन पडली. त्यातली कितीतरी कुणी मागितलेलीच नव्हती, आणि कितींवरची लेबलं तिथल्या लोकांना वाचता येत नव्हती. नंतर ती नष्ट करायचा खर्च वेगळाच. औषधदानाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत : मागणी असेल तेच द्या, कुणाच्या घरात उरलेलं देऊ नका, आणि पोचल्यावर मुदत संपायला किमान एक वर्ष शिल्लक असावं. काकूंना वाईट वाटेल, पण ती बाटली जाऊ द्या.

नेपाळात औषधं न्यायची तर औषधि व्यवस्था विभागाची परवानगी लागते. त्यापेक्षा यादी तिकडच्या आरोग्य चौकीकडून, म्हणजे छोट्या सरकारी दवाखान्याकडून, मागवा आणि खरेदी नेपाळातच करा. नेपाळगंजच्या बाजारात जवळपास सगळं मिळतं. चौकीतल्या माणसाच्या ओळखीची औषधं असली की तुमच्यामागे तो ती चालू ठेवू शकतो.

आता "रोज एक गाव" या बेताबद्दल. 2015 च्या भूकंपानंतर मी सिंधुपाल्चोकमध्ये होतो आणि पुढेही दोन-तीनदा डोंगरात जाऊन आलो. एक प्रसंग सांगतो. साठीच्या एक आमा आल्या, तक्रार एकच : उठलं की रिंगटा लागतो, म्हणजे चक्कर येते. पायांवर सूज. मी विचारलं, औषधं काय चालू आहेत? त्यांनी कमरेच्या पटुक्यातून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि चटईवर उपडी केली. तीन वेगवेगळ्या शिबिरांतल्या तीन स्ट्रिपा. रंग वेगळे, नावं वेगळी. पाठीमागचं बारीक अक्षर वाचलं तर तिन्हींत अ‍ॅम्लोडिपिन, पाच मिलिग्रॅम, म्हणजे एकच रक्तदाबाची गोळी. तिन्ही डॉक्टरांनी "रोज एक घ्या" सांगितलं होतं, बाई प्रामाणिकपणे रोज तीन घेत होत्या. कुठल्याच डॉक्टरचं चुकलं नव्हतं. फक्त आदल्याने काय दिलं हे एकालाही ठाऊक नव्हतं, कारण कागद कुणीच ठेवला नव्हता.

तेव्हापासून माझा नियम : एका भेटीत संपेल ते काम आपण करायचं, जे संपणार नाही ते तिथल्या माणसाच्या हातून सुरू करायचं. दात काढणं संपतं. कानातला मळ संपतो. जवळचं वाचायचा चष्मा संपतो. रक्तदाब, साखर, मिरगी, दमा संपत नाहीत. अशा रुग्णाची गोळी चौकीच्या नोंदवहीत चढल्याशिवाय द्यायची नाही.

म्हणून दहा गावं करू नका. एक-दोन आरोग्य चौक्या धरा, तिथल्या कर्मचाऱ्यांच्या शेजारी बसा. महिला स्वास्थ्य स्वयंसेविकांना आधी भेटा. 1988 पासून ही योजना चालू आहे, देशभरात पन्नास हजारांच्या आसपास बायका हे काम करतात. कुठल्या घरात बाळंतीण आहे आणि कोण खोकतंय पण सांगत नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं.

कागदी_घोडे

परवानग्यांचं मी सांगतो, दोनदा हात पोळलेत. डॉक्टर आणि दंतवैद्यांना नेपाळ मेडिकल काउन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते, नर्सेसना नेपाळ नर्सिंग काउन्सिलची. फार्मासिस्टचं फार्मसी काउन्सिलकडे विचारा. पदवीची, नोंदणीची प्रमाणपत्रं आत्तापासून जमवा, मार्च लांब नाही. शिवाय पालिकेचं आणि जिल्हा आरोग्य कार्यालयाचं लेखी पत्र. भारतीयांना व्हिसा लागत नाही म्हणून "आपलंच तर आहे" असं समजून लोक निघतात आणि पहिल्याच दिवशी शिबिराचं टेबल गुंडाळतात. आमचं असंच झालं होतं. दोनशे माणसं रांगेत उभी, आणि आम्ही सामान परत गाडीत चढवतोय. ओळख म्हणून पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या.

रस्ता : रुपईडिहा सीमा, नेपाळगंज, कोहलपूर, मग सुर्खेतच्या वाटेवर छिंचूपासून जाजरकोटचा फाटा. नकाशावरचे किलोमीटर बघून वेळ काढू नका. जाऊन-येऊन चार दिवस धरा, कामाचे सहा उरतील.

दाढदुखी

दंतवैद्य आहे, म्हणून माझ्या जातभाईसाठी दोन शब्द. खुर्ची नेऊ नका, मिळेल त्या खुर्चीला मागून उशी आणि डोक्यावरचा दिवा पुरतो. जीव जातो तो निर्जंतुकीकरणात. वीज असेल-नसेल, तेव्हा चुलीवर किंवा स्टोव्हवर चालणारा प्रेशरचा स्टरिलायझर हवाच, आणि दिवसाला जेवढे संच त्यातून निर्जंतुक होऊन निघतील तेवढेच रुग्ण घ्या. बाहेर कितीही रांग असली तरी. नुसत्या उकळत्या पाण्यात बुडवलेल्या पकडी पुढच्या तोंडात घालायच्या नाहीत, एकाचा संसर्ग दुसऱ्याला वाटत फिराल. तुमच्या "सांगाल ते करू"मधला एक माणूस सहा दिवस फक्त या कामाला बसवा. कंटाळवाणं आहे, पण त्याच्याइतकं महत्त्वाचं तिथे कुणी नसेल.

मोकळं_बोलतो

सगळं ठीक. पण हा चर्चचा गट आहे ना? गोळ्या वाटायला सरकार आहे, संस्था आहेत. आपण प्रभूच्या नावाने जातो, तर प्रार्थना आणि सुवार्तेची पत्रकं नकोत का? ते सोडून इतक्या लांब जायचं कशाला, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

जयमसीह_पोखरा

मी मराठी, लग्नानंतर बारा वर्षं नेपाळात, इथल्याच मंडळीत. भाऊ, तुमची तळमळ समजते. पण किंमत कोण मोजतं ते ऐका. नेपाळच्या राज्यघटनेच्या कलम 26 नुसार दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. 2017 च्या अपराध संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे, परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. तुम्ही दहा दिवसांनी घरी जाल. पोलीस चौकशीला येतील ते आमच्या पाळकांच्या दारात.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, औषधाच्या रांगेत उभ्या माणसाच्या हातात पत्रक दिलं तर तो "नको" म्हणू शकेल का? त्याला वाटतं, हे घेतलं नाही तर गोळी मिळणार नाही.

या देशात ख्रिस्ती वैद्यकीय काम नवीन नाही. युनायटेड मिशन टू नेपाळ 1954 पासून आहे, पाल्पातलं तानसेनचं रुग्णालय त्यांचं. पोखऱ्याचं ग्रीन पास्चर्स कुष्ठरोगासाठी सुरू झालं, आज तिथे मणक्याला इजा झालेल्यांचं पुनर्वसनही होतं. तुमच्या वाटेला सर्वांत जवळचं म्हणजे पश्चिम रुकुममधलं चौरजहारीचं रुग्णालय. ते एचडीसीएस ही नेपाळी ख्रिस्ती संस्था चालवते. सिस्टर, पहिलं पत्र त्यांना लिहा. "आम्ही येतोय" असं नको, "आम्ही आलो तर उपयोग आहे का" असं विचारा. उत्तर "पैसे पाठवा, माणसं नकोत" असं आलं तर तेही ऐकायची तयारी ठेवा.

उपासनेला जरूर या. पण इथे शनिवारी सुट्टी असते आणि मंडळी शनिवारीच भरते. रविवारी आलात तर कुलूप दिसेल.

मोकळं_बोलतो

पाळकांच्या दारात पोलीस, हे डोक्यात आलं नव्हतं. पत्रकांबद्दल माघार घेतो. कुणी स्वतःहून प्रार्थना मागितली तर मात्र मी नाही म्हणणार नाही.

जयमसीह_पोखरा

मागितली तर करा की. हळू आवाजात, आणि औषध देऊन झाल्यावर.

उतारावरचा_दवाखाना

भाषेचं राहिलं. लिपी देवनागरी, त्यामुळे मराठी माणूस पाट्या वाचत सुटतो आणि आपल्याला नेपाळी येतं असं त्याला वाटू लागतं. ज्वरो म्हणजे ताप आणि खोकी म्हणजे खोकला हे लगेच कळतं. पण पखाला म्हणजे जुलाब. आणि सास हा शब्द आला की हिंदीवाले सासू शोधतात, बाई बिचारी श्वास लागतोय म्हणत असते. बायका "आङ खस्यो" असं दबक्या आवाजात सांगतील, म्हणजे गर्भाशय खाली आलंय. डोंगरात हे खूप आहे, बाळंतपणानंतर लगेच ओझी उचलल्याने बळावतं. पुरुष दुभाषा असेल तर ही तक्रार तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. तीन नर्सेस आहात, एक पडदा आणि एक स्थानिक दिदी एवढी सोय कराच.

भूकंपाच्या जखमा आता दिसणार नाहीत. चुलीच्या धुराचा खोकला दिसेल, नाम्लोने, म्हणजे कपाळावरच्या पट्ट्याने, ओझं वाहून दुखणाऱ्या माना दिसतील, आणि रात्री झोप येत नाही म्हणणारे खूप. "त्या रात्री काय झालं ते सांगा" असं मुद्दाम उकरू नका. सांगितलं तर ऐका, नाही सांगितलं तर चहा प्या.

अवांतर : नेपाळी तारखा विक्रम संवतात असतात. मुलाच्या लशीच्या कार्डावर 2080 बघून आमचा एक डॉक्टर पाच मिनिटं गप्प बसला होता.

रात्रपाळीची_सिस्टर

सगळ्यांचे आभार. काल बैठक झाली, वादावादी झाली, ती इथे लिहीत नाही. चौरजहारीला पत्र गेलंय, त्यांचं उत्तर येईपर्यंत तिकिटं काढायची नाहीत असं ठरलं. खोलीतली औषधं फार्मासिस्टने वेगळी केली : चौदा खोक्यांतलं दीड खोकं मुदतीतलं आणि सीलबंद निघालं, आणि तेही कुणी मागितलेलं नाही म्हणून न्यायचं नाही. स्टरिलायझरवर बसायला एकाने हात वर केला, व्यवसायाने बँकेत रोखपाल आहे, म्हणतो मोजून ठेवायची सवय आहे.

एक शंका उरली. वाचायचे चष्मे इथून न्यावेत की तेही नेपाळगंजला घ्यावेत?

उतारावरचा_दवाखाना

तिथेच घ्या. +1.5 ते +3 जास्त घ्या, आणि नंबर तपासायला वाचनाचा तक्ता नेऊ नका, अनेकांना अक्षरं येत नाहीत. सुई आणि दोरा न्या. ओवता आला की नंबर बरोबर.