मदत हवी आहे: चौघे विद्यार्थी, माणशी ४५ हजार, व्हिएतनाम जमेल का?

भटका_सांगलीकर

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं मित्र, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. कॉलेज ऑटोनॉमस, त्यामुळे परीक्षा लवकर उरकते आणि नोव्हेंबरात दहाएक दिवस हाताशी लागतात. यंदा सह्याद्री पुरे, एकदा देशाबाहेर पडायचंच असं ठरलंय. इंटर्नशिपचा स्टायपेंड आणि शिकवण्यांचे पैसे धरून माणशी ४५ हजार जमतात. त्यावर घरी एक रुपया मागायचा नाही, ही अट आमची आम्हीच घातलीय.

डोक्यात व्हिएतनाम आहे. मार्ग असा: हनोईला उतरायचं, हा लाँग उपसागरातली बोट, हा जियांगचे घाट बाइकवरून, मग खाली ह्यू, होई अन आणि शेवटी हो ची मिन्ह सिटीहून परत. एका ट्रॅव्हलवाल्याला सहज विचारलं तर त्याने आकडा असा सांगितला की चहा न पिताच उठलो. म्हणून सगळं स्वतःच करायचं म्हणतोय.

अडचणी अशा. एक जण जैन आहे. बाहेर कांदा-लसूण चालवून घेतो, पण मांस-मासे-अंडं अजिबात नाही. एकाचा पासपोर्टच अजून काढलेला नाही. दोघांना बाइक चालवायचीच आहे. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढलं की झालं ना? राहायचे नखरे नाहीत, हरिश्चंद्रगडाच्या गुहेत झोपलेली माणसं आहोत, डॉर्म चालेल. जाणकारांनी बजेट बघून सांगावं. जमणार नसेल तर तेही तोंडावर सांगा.

कळसूबाई१६४६

जमेल. पण हा मार्ग नाही जमणार.

आधी पैशाचं. मुंबई-हनोई थेट विमानं आहेत. सुट्टीच्या दिवसांत जाऊन-येऊन २२ ते २५ हजार धरा, तेही फक्त सात किलोची केबिन बॅग घेऊन. ई-व्हिसा २५ डॉलर, म्हणजे सव्वादोन हजारांच्या आसपास. विमा आणि मुंबईपर्यंतचा प्रवास मिळून दोनेक हजार. हातात उरले सोळा-सतरा हजार, म्हणजे दिवसाला सोळाशे-सतराशे. हनोईच्या ओल्ड क्वार्टरमध्ये डॉर्मची खाट पाच-सातशेला मिळते, बऱ्याच ठिकाणी नाश्ता त्यातच. फुटपाथवर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर गुडघे छातीशी घेऊन बसलात तर जेवण दीडशे-दोनशेत होतं. म्हणजे हजार-अकराशेत दिवस निघतो, उरलेल्या पाचशेत हिंडायचं. यात देशाची दोन टोकं बसत नाहीत रे. हनोई ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेने १,७२६ किलोमीटर आहे, गाडीला तीस तासांहून जास्त लागतात. विमानाने गेलात तर माणशी तीन-चार हजार आणखी.

आणि पैसे असते तरी नोव्हेंबरात मी तुम्हाला मध्य व्हिएतनामला पाठवलं नसतं. आपल्याकडे पाऊस परतला की तिकडे, ह्यू-होई अनच्या पट्ट्यात, खरा पावसाळा सुरू होतो. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर ही दोन्ही शहरं पाण्याखाली होती, होई अनच्या जुन्या गल्ल्यांतून लोक होड्यांनी फिरत होते. इन्स्टाग्रामवर दिसणारे होई अनच्या कंदिलांचे फोटो बहुतेक उन्हाळ्यातले. उलट उत्तरेत नोव्हेंबर म्हणजे कोरडी हवा, सुखाचा गारवा. तेव्हा उत्तरच करा, आणि निवांत करा: हनोई, मग निन्ह बिन्ह, मग कॅट बा बेट, परत हनोई.

निन्ह बिन्ह हनोईपासून शंभरेक किलोमीटर, रेल्वेने दोन-सव्वादोन तास. भाताच्या खाचरांतून चुनखडीचे सुळके वर आलेत आणि त्यांच्या पोटातल्या गुहांतून होडी जाते. हे त्रांग आन, २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत. वल्ही मारणाऱ्या बहुतेक बायकाच. तिथे सायकल भाड्याने घ्या, होडीचं तिकीट सोडलं तर हिंडायला बाकी खर्च फारसा नाही. हा लाँगच्या रात्रीच्या क्रूझऐवजी कॅट बा का? सुळके तेच, पाणी तेच, २०२३ मध्ये युनेस्कोने दोन्ही एकाच नोंदीत घेतलं. बेटावर डॉर्ममध्ये राहायचं आणि शेजारच्या लान हा उपसागरात दिवसभराची बोट करायची. क्रूझच्या केबिनला जेवढे पैसे जातील त्यात चौघांपैकी दोघांचं कॅट बा होईल.

एक किरकोळ पण कामाची गोष्ट. डोंगचा, म्हणजे तिथल्या चलनाचा, हिशोब करताना तीन शून्यं उडवा आणि साडेतीनने गुणा, अंदाजे रुपये येतात. विमानतळावरून ८६ नंबरची बस शहरात ४५ हजार डोंगांत सोडते, म्हणजे दीडशे रुपये. टॅक्सीवाल्याच्या नादी लागू नका. वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळसर प्लास्टिकच्या आहेत. रात्री घाईत एक समजून दुसरी गेली की तुमच्यातल्या एकाचं पूर्ण दिवसाचं बजेट गेलं. पाच लाखांच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा.

गिअर_चौथा

बाइकचं मी सांगतो, कारण हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दर वर्षी कुणीतरी "काही होत नाही, बिनधास्त जा" म्हणतो.

आपल्या आरटीओत मिळतं ते परमिट १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचं. व्हिएतनाम मानतो ते १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचं, आणि त्या करारात भारत नाही. म्हणजे ५० सीसीवरची बाइक तिथे चालवलीत तर कायद्याने तुम्ही बिनलायसनचे. भाड्याने देणारा लायसन विचारत नाही, चावी हातात ठेवतो, हीच गोम आहे. पोलिसांनी धरलं तर दंड. १ जानेवारी २०२५ पासून तिथले दंड चांगलेच वाढलेत. पण दंडाचं सोडा. पडलात, हाड मोडलं, तर विमा कंपनी पहिला कागद मागते तो लायसनचा. तो नसला की हॉस्पिटलचं बिल तुमचं.

हा जियांगला यावर रस्ता आहे: ईझी रायडर, म्हणजे स्थानिक पोरगा चालवतो, तुम्ही मागे बसता. मा पी लेंगची खिंड मागे बसून जास्त नीट दिसते, असं माझं मत. पण तीन दिवसांचे जेवण-मुक्कामासकट बारा-पंधरा हजार जातात. कळसूबाईंच्या हिशोबात उरलेत सोळा. म्हणजे यंदा हा जियांग नाही. दोघं नाराज होतील, होऊ द्या.

शिदोरी

जैन मित्रासाठी. पाटीवर "कॉम चाय" किंवा नुसतं "चाय" दिसलं की आत शिरा, ती शुद्ध शाकाहारी खाणावळ. बौद्ध देवळांच्या आसपास हमखास असतात, आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी बरेच स्थानिक लोकही तेच खातात, तेव्हा गर्दी असते. टोफू, मशरूम, केळफुलाची कोशिंबीर, भात, पोटभर मिळतं. साध्या हॉटेलात मात्र "व्हेज" सांगून भागत नाही. भाजी भाजीच असते, पण वरून माशाचं सॉस पडतं आणि फोचं, म्हणजे तिथल्या नूडल्सच्या सूपचं, पाणी हाडांचं असतं. भाषांतराच्या ॲपमध्ये "मांस नको, मासा नको, अंडं नको, माशाचं सॉस नको" हे पूर्ण वाक्य करून स्क्रीनशॉट ठेवा. बॅगेत खाकरे आणि शेंगदाण्याची चटणी असू द्या. सात किलोत मावते, मी बघितलंय.

गोरखपूर_मार्गे

माझं नेहमीचं पालुपद: पहिलीच वेळ, बजेट तंग, एकाला पासपोर्ट नाही, मग नेपाळ का नाही? व्हिसा नाही. मतदार ओळखपत्रावर जाता येतं (आधारवर नाही, हे लक्षात ठेवा). मुंबईहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून बसने सोनौली, तिथली सीमा पायी ओलांडायची, पलीकडे पोखऱ्याची बस. आपल्या शंभराचे त्यांचे १६०, हा दर ठरलेलाच. अन्नपूर्णा भागाचं प्रवेश शुल्क सार्क देशांतल्यांना एक हजार नेपाळी, म्हणजे सव्वासहाशे रुपये. दाल-भात मागाल तेवढा वाढतात. नोव्हेंबरात डोंगर स्वच्छ दिसतात. २५ हजारांत आरामात होईल आणि घाट चढायची हौसही फिटेल.

भटका_सांगलीकर

गोरखपूरकाका, नेपाळ मनात आहेच, पण ते भावाची बारावी झाली की त्याच्याबरोबर करीन म्हणतो. यावेळी समुद्रापार जायचंय. फक्त पासपोर्ट वेळेत नाही आला तर तुमचाच मार्ग धरू.

कळसूबाईदादा, मार्ग पटला. बाइकवाले दोघं अजून बोलत नाहीयेत.

आईच_आहे_मी

तुमच्या वयाचा माझा मुलगा आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहिते. आम्हाला रोज फोटो नकोत रे. पहिल्या दोन रात्रींचे पत्ते, विमानाचे नंबर, चौघांच्या पासपोर्टची झेरॉक्स आणि विम्याचा कागद एवढं घरी ठेवून जा. फोनची एक वेळ ठरवा. तिथलं घड्याळ आपल्यापुढे दीड तास आहे, म्हणजे तुमचं जेवण झालं की इथे संध्याकाळच असते. हनोईतल्या भारतीय दूतावासाचा नंबर चौघांच्याही फोनमध्ये हवा. पैसे सगळे एकाकडे ठेवू नका. बाकी घरच्यांना मार्ग लिहून दाखवलात तर विरोध निम्मा होतो, स्वानुभव आहे.

खिडकी_क्रमांक_तीन

पासपोर्टचं: आधारवर सांगलीचा पत्ता असेल तर अर्ज तिथलाच करा आणि पोलीस पडताळणीच्या वेळी मित्राला घरी राहायला सांगा. हॉस्टेलचा पत्ता टाकला की बोनाफाइड आणा, अमुक आणा, हे वाढतं. दहावीचं प्रमाणपत्र जोडा. साध्या अर्जाची फी १,५०० रुपये, तत्काळला वर २,०००. तो हातात पडेपर्यंत कुणीच तिकीट काढू नका. तिघं गेलात आणि चौथा राहिला तर दोस्ती आयुष्यभर ऐकवेल.

डॉलर अधिकृत मनी चेंजरकडूनच घ्या, नव्या कोऱ्या नोटा मागा. घडी पडलेली, शाई लागलेली नोट तिकडे घेत नाहीत किंवा भाव पाडतात. कार्डावर परदेशी व्यवहार ॲपमधून चालू करून जा. एटीएमने किंवा दुकानातल्या मशिनने "रुपयांत कापू का" विचारलं तर नाही म्हणा, डोंगमध्येच कापू द्या. पॉवरबँक केबिन बॅगेतच.

भटका_सांगलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मित्राने अर्ज भरला, तारीख मिळालीय. शेवटचा प्रश्न व्हिसाच्या फॉर्मचा. माझ्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आहे आणि "गिव्हन नेम"मध्ये माझं आणि वडिलांचं अशी दोन नावं. कॉलेजच्या आयडीवर आडनाव आधी आहे. फॉर्मवर कुठलं टाकू?

कळसूबाई१६४६

कॉलेजचा आयडी विसर. पासपोर्टच्या रकान्यात जे आहे ते तसंच्या तसं, वडिलांच्या नावासकट, त्याच क्रमाने. तळाशी आडव्या ओळीत बाणांसारख्या खुणांमध्ये छापलेलं नाव असतं, त्याच्याशी अक्षर अक्षर ताडून बघ. तिकिटावरही तेच. प्रवेशाचं ठिकाण हनोईचा नोई बाई विमानतळ निवडा. व्हिसा सिंगल एंट्री पुरेल. फॉर्म वेबपत्त्याच्या शेवटी "डॉट गव्ह डॉट व्हीएन" असलेल्या सरकारी साइटवरच भरा. हुबेहूब दिसणाऱ्या बऱ्याच खासगी साइट दुप्पट-तिप्पट घेतात. तीन कामाचे दिवस म्हणतात, तुम्ही दोन आठवडे आधी भरा. चुकलं तर फी परत नाही, म्हणून पाठवायच्या आधी फॉर्म आपापसांत अदलाबदल करून तपासा. आणि आला की कागदावर छापून घ्या, मुंबईच्या काउंटरवर तोच मागतात.