फांग फांगची वुहान डायरी: साक्ष म्हणायची की ऐकीव गोष्टी?

सायली_वाचते: परवा चिनी लेखिका फांग फांग यांची वुहान डायरी, म्हणजे कोविडमध्ये शहर बंद असतानाची रोजनिशी, वाचून संपवली, अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतेय. बाई १९५५च्या, कॉलेजला जायच्या आधी चार वर्षं हमाली केलेली, पुढे हुबेई प्रांताच्या लेखक संघटनेच्या अध्यक्ष झाल्या, २०१० साली लू शुन हा मोठा चिनी साहित्य पुरस्कार मिळाला. म्हणजे व्यवस्थेतल्याच. २३ जानेवारी २०२० ला वुहान बंद झालं आणि दोन दिवसांनी त्यांनी वेइबोवर (चीनमधलं ट्विटरसारखं माध्यम) लिहायला घेतलं, एकूण ६० नोंदी, सेन्सॉरने कितीतरी उडवल्या तरी लोक रात्री जागून वाट बघायचे. आणि याच बाईंना देशद्रोही म्हणतात! मला हे अजिबात पटत नाही.

मंदार७७: देशद्रोही मीही म्हणणार नाही, पण साक्षीदार तरी कुठे आहेत? बाई घरात बसून होत्या. अर्ध्या नोंदी "एका डॉक्टर मित्राने सांगितलं" अशा. स्मशानात जमिनीवर पडलेले मोबाईल, त्यांचे मालक राख झालेले, हे वर्णन जगभर गाजलं ना, पण तो फोटो त्यांनी कधी दाखवलाच नाही. इतकी मोठी गोष्ट लिहायची तर पुरावा नको?

सायली_वाचते: अहो रोजनिशी आहे ती, पंचनामा नाही. शहर बंद असताना माणूस फोनवर कळेल तेच लिहिणार. आणि त्यांनी नुसतं रडगाणं नाही गायलं, स्वयंसेवकांचं कौतुक केलंय, सरकारने पुढे जे बरं केलं तेही लिहिलंय. फक्त एक गोष्ट सोडली नाही: "माणसाकडून माणसाला होत नाही, आटोक्यात आहे" असं सांगून लोकांना गाफील ठेवलं त्याचा जाब कोण देणार? ली वेनलियांगसारख्या डॉक्टरला अफवा पसरवतो म्हणून पोलिसांनी तंबी दिली आणि ७ फेब्रुवारीला तो त्याच आजाराने गेला, मग हे विचारायचं नाही तर काय विचारायचं?

पूर्वा_नाशिक: विचारा की, पण घरात विचारा. वुहान उघडलं ८ एप्रिलला आणि त्याच सुमाराला अमेरिकेत पुस्तकाची आगाऊ विक्री सुरू. तेव्हा तिकडचे पुढारी सगळं खापर चीनवर फोडत होते. चिनी लोक म्हणाले परक्यांच्या हातात सुरी दिली, तर तो राग मला समजतो. वर्षभर थांबल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

जुनी_पानं: पूर्वाताई, थांबून काही फरक पडला नसता. कोविडच्या आधीच बाई निशाण्यावर होत्या. २०१६ ची कादंबरी, रुआन माइ, म्हणजे शवपेटीशिवाय थेट मातीत पुरणं. कम्युनिस्टांनी जमीनदारांच्या जमिनी काढून वाटल्या त्या जमीन सुधारणेच्या काळात भर सभेत बेअब्रू होण्यापेक्षा जमीनदाराचं अख्खं घर विष घेतं आणि मागे राहिलेली सून सगळ्यांना अंगणात पुरते, मग स्मृतीच हरवून बसते. २०१७ ला या कादंबरीला लू याओ साहित्य पुरस्कार मिळाला, लगेच माओला मानणाऱ्या जुन्या डाव्यांनी झोड उठवली आणि पुस्तक दुकानातून गायब. त्यात कुठला परदेशी प्रकाशक होता? राग आठवण ठेवण्याचा आहे हो. आणि डायरीचं मानधन कामावर असताना गेलेल्या डॉक्टर-नर्सच्या घरच्यांना देणार असं त्यांनी जाहीर केलं होतं, हेही धरा.

मंदार७७: कादंबरीबद्दल वाद नाही, तिथे कल्पनेला मोकळीक आहे आणि बंदी चूकच. पण म्हणूनच बोलतोय, कादंबरीकाराचा हात डायरीत शिरला की वाचणाऱ्याने खरं कुठलं धरायचं?

अनुजा_के: मंदारदादा, एक सांगते. २०२१ ला माझे मामा गेले. हॉस्पिटलने प्लास्टिकच्या पिशवीत त्यांचा मोबाईल, चष्मा आणि चप्पल दिली. घरी आणून चार्ज केला तर मामीचे चौदा मिसकॉल. त्या मोबाईलवाल्या ओळी वाचल्या आणि पुस्तक मिटून ठेवलं. मला फोटो नाही लागला.

मंदार७७: अनुजा, वाईट वाटलं वाचून, खरंच. तुमच्या मामांचा मोबाईल तुम्ही हातात धरलात म्हणून मी तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. फांग फांगकडून मला तेवढंच हवं होतं.