मदत हवी आहे: सारांश दिसतो, पण लेख उघडत नाही (ग्रंथालयाचं लॉगिन असूनही!)

मायना

नमस्कार मंडळी,

बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर पुन्हा विद्यार्थिनी झाले आहे. प्रबंधाचा विषय द्वैभाषिक मुलांचं वाचन. मार्गदर्शक म्हणाले, "आधी चाळीसेक लेख वाचून या, मग बोलू." वाचायला मी एका पायावर तयार आहे, पण लेख हाती तर लागायला हवेत!

होतं असं की गूगल स्कॉलरवर लेख सापडतो. टिचकी मारली की प्रकाशकाच्या पानावर जाते. शीर्षक, लेखकांची नावं, सारांश, सगळं दिसतं. पीडीएफवर टिचकी मारली की "लेख विकत घ्या". माझ्याकडे विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं लॉगिन आहे आणि ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ते व्यवस्थित चालतं. तोच आयडी-पासवर्ड प्रकाशकाच्या पानावर टाकला की "चुकीचा आहे" म्हणतं. दोनदा पासवर्ड बदलून झाला.

सध्या अडलेले लेख चार:

एक २००९ चा. ते नियतकालिक ग्रंथालयाच्या यादीत आहे, तरी कुलूप.
दुसरा त्याच नियतकालिकातला, १९८७ चा.
तिसरा गेल्या वर्षीचा. दुसरं नियतकालिक, तेही यादीत आहे.
चौथा १९९४ चा. त्याचं नियतकालिकच यादीत सापडत नाही.

मी काही मूर्खासारखं करतेय का? जाणकारांनी कृपया सांगावं. थोडं सोप्या भाषेत, कारण "प्रॉक्सी" शब्द आला की मी पान बंद करते.

रात्रपाळी

मूर्खासारखं नाही, पहिल्या वर्षी सगळेच हेच करतात. प्रकाशकाच्या पानावरचं ते लॉगिन तुमच्या ग्रंथालयाचं नाहीच. ते त्या प्रकाशकाकडच्या वैयक्तिक खात्याचं आहे. तिथे विद्यापीठाचा पासवर्ड चालणार कसा? पासवर्ड बदलत बसू नका.

तळटीप

ग्रंथालयात नोकरी करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रॉक्सी शब्द येणार आहे, पान बंद करू नका.

प्रकाशक तुम्हाला ओळखत नाही, तुमच्या इमारतीला ओळखतो. विद्यापीठ वर्गणी भरतं तेव्हा आपल्या नेटवर्कचे आयपी पत्ते (इंटरनेटवर ते नेटवर्क ओळखायचे क्रमांक) प्रकाशकाला कळवतं. त्या पत्त्यांवरून कोणी आलं की दार आपोआप उघडतं, पासवर्ड लागतच नाही. म्हणून ग्रंथालयात बसून उघडलेला लेख घरी आल्यावर "विकत घ्या" म्हणतो. लेख तोच, तुम्हीही त्याच, फक्त तुम्ही वेगळ्या रस्त्याने आलात.

घरून वाचण्यासाठी दोन सोयी असतात. पहिली प्रॉक्सी. तुम्ही ग्रंथालयाच्या पानावर लॉगिन करता, तिथून लेखाकडे जाता, आणि मधला सर्व्हर तुमच्या वतीने लेख मागतो. प्रकाशकाला वाटतं, मागणी विद्यापीठातूनच आली. ईझीप्रॉक्सी हे त्यातलं बऱ्याच ग्रंथालयांत दिसणारं नाव. ती चालू आहे की नाही हे ओळखायचं तर पत्त्याची पट्टी बघा: प्रकाशकाच्या नावामागे तुमच्या विद्यापीठाचं शेपूट लागलेलं दिसेल. शेपूट नसेल तर तुम्ही अजून बाहेरच आहात.

दुसरी सोय म्हणजे "संस्थेमार्फत प्रवेश" अशा अर्थाचं बटण. ते प्रकाशकाच्या पानावरच असतं, बहुधा वैयक्तिक लॉगिनच्या खाली, बारीक अक्षरांत. त्यावर टिचकी मारून आपलं विद्यापीठ शोधायचं. मग तुम्ही विद्यापीठाच्या स्वतःच्या लॉगिन पानावर जाता आणि पासवर्ड तिथे टाकता. शिबोलेथ, ओपनअथेन्स ही नावं दिसली तर समजा हाच प्रकार. यादीत विद्यापीठाचं नाव नसेल तर पहिला मार्ग धरा.

आधी २००९ चा लेख या रस्त्याने उघडून बघा. बाकीच्या तिघांची दुखणी वेगळी दिसतात.

मायना

उघडला!! संस्थेमार्फत प्रवेश, बारीक अक्षरांत, अगदी तुम्ही म्हणालात तिथेच. महिनाभर मी त्याच्या दोन बोटं वर पासवर्ड टाकत होते.

पण १९८७ चा अजूनही नाही. नियतकालिक तेच, लॉगिन तेच. हे कसं काय?

रात्रपाळी

तळटीपकाका येईपर्यंत एक युक्ती. स्कॉलरच्या सेटिंग्जमध्ये "लायब्ररी लिंक्स" आहे. तिथे आपलं विद्यापीठ शोधून खूण करा आणि जतन करा. पाचपर्यंत ग्रंथालयं जोडता येतात. मग ज्या लेखाचा संपूर्ण मजकूर तुमच्या ग्रंथालयाकडे आहे त्याच्या उजवीकडे ग्रंथालयाच्या नावाचा दुवा येतो, आणि तो थेट योग्य दारातून आत नेतो. अर्थात ग्रंथालयाने आपली यादी गूगलला दिलेली असेल तरच. ब्राउझरच्या कुकीज पुसल्या तर हे पुन्हा करावं लागू शकतं.

तुमचा विषय शिक्षणाकडे झुकणारा आहे, म्हणून एरिक जरूर बघा. अमेरिकी शिक्षण खात्याची सूची, १९६० च्या दशकापासूनची. शोधताना "संपूर्ण मजकूर इथेच उपलब्ध" अशी खूण करता येते आणि लॉगिन लागत नाही. नियतकालिकांत कधीच न आलेले जुने अहवाल तिथे मिळतात. माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्यावर उभं आहे.

तळटीप

"काका" कशाला? असो.

१९८७. यादीत नियतकालिकाचं नाव दिसलं की आपण खूश होतो आणि नावाखालची ओळ वाचत नाही. खरी गोष्ट त्या ओळीत असते. "१९९७ पासून आजपर्यंत" असं काहीतरी लिहिलेलं असेल, बघा. बहुतेक प्रकाशकांची ऑनलाइन आवृत्ती १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर सुरू झाली. त्याआधीचे अंक नंतर स्कॅन केले आणि तो जुना साठा वेगळा विकायला ठेवला. ग्रंथालयाने चालू वर्गणी भरली म्हणजे जुना साठाही घेतला, असं नाही.

मग बघायचं जेस्टोर. हे १९९५ साली सुरू झालं ते याच कारणासाठी: जुने अंक ग्रंथालयांच्या फडताळांवर जागा अडवत होते, म्हणून ते स्कॅन करून एकत्र ठेवावेत. तिथला हिशोब उलटा असतो. जुनं सगळं मिळतं, पण बऱ्याच नियतकालिकांची अलीकडची तीन-पाच वर्षं नसतात. ही सीमा दर वर्षी एक घर पुढे सरकते, म्हणून तिला सरकती भिंत म्हणतात. एकच नियतकालिक यादीत दोनदा दिसलं तर वैतागू नका. एका ओळीत नवं असतं, दुसरीत जुनं. आपल्या लेखाचं साल ज्या ओळीत बसतं त्या ओळीवर टिचकी मारायची.

जेस्टोरवरही नसेल तर छापील खंड. तुमच्याच ग्रंथालयाच्या तळघरात बांधीव पडलेला असू शकतो. स्कॅन मागवायचा अर्ज बहुतेक ग्रंथालयांत असतो. खंडही नसेल तर आंतरग्रंथालयीन देवघेव: तुमचं ग्रंथालय दुसऱ्या ग्रंथालयाकडून लेखाची प्रत मागवतं. ही सेवा ग्रंथालयं जाहिरात करत नाहीत आणि विद्यार्थी विचारत नाहीत. आमच्याकडे तो अर्ज दिला की निम्मे विद्यार्थी म्हणतात, "असं पण असतं?"

तिसऱ्या लेखाचं नियतकालिक कुठल्या ओळीत आहे ते सांगा. एखाद्या मोठ्या एकत्रित डेटाबेसमधून, म्हणजे अनेक प्रकाशकांची नियतकालिकं एकाच जागी देणाऱ्या संग्रहातून, दिसतंय का?

मायना

हो, डेटाबेसमधून. आणि खाली खरंच ओळ आहे: "अलीकडचे १२ महिने उपलब्ध नाहीत." मी ती कधी वाचलीच नव्हती.

तळटीप

मग कोडं सुटलं. प्रकाशक आपला मजकूर अशा डेटाबेसला देतो, पण ताजे अंक काही महिने हातचे राखून ठेवतो, म्हणजे थेट वर्गणी कोणी बंद करू नये. लेखाला वर्ष पूर्ण झालं की तो तिथे आपोआप येईल. तुम्हाला तेवढी वाट बघवणार नाही, हे उघड आहे.

कपाटातला_कोळी

तिसऱ्यासाठी माझा नेहमीचा क्रम: आधी स्कॉलरवर लेखाच्या खाली "सर्व आवृत्त्या" वर टिचकी. पुष्कळदा लेखकाच्या विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारात स्वीकृत हस्तलिखित, म्हणजे नियतकालिकाने स्वीकारलेला पण छपाईची मांडणी न झालेला मजकूर, ठेवलेलं असतं. मग ब्राउझरला अनपेवॉल हे छोटं मोफत साधन जोडायचं. लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर पानाच्या कडेला हिरवं कुलूप दिसतं. हे दोन्ही फसलं तर लेखकाला ईमेल.

एक धोक्याची सूचना. हस्तलिखित आणि छापील लेख यांचा मजकूर सहसा एकच असतो, पण पृष्ठक्रमांक जुळत नाहीत. अवतरण देणार असाल तर छापील प्रतीवरून पान ताडून घ्या. माझ्या परीक्षकांनी नेमकं तेच पकडलं होतं.

शंकासुर

एवढा खटाटोप कशाला? सगळे लेख फुकट देणाऱ्या साईट आहेत की. सगळे तेच वापरतात. नाव घेत नाही.

रात्रपाळी

घेऊही नका, धागा उडेल. कायद्याचा मुद्दा आहेच. पण ज्या बाईंकडे वर्गणी भरलेलं लॉगिन आहे त्यांना चोरवाट दाखवण्यात काय हशील? शिवाय लेख नंतर मागे घेतला गेला किंवा त्याला दुरुस्ती जोडली गेली, तर ते प्रकाशकाच्या पानावर दिसतं. इकडून तिकडून उचललेल्या पीडीएफवर दिसत नाही.

जाता जाता माझा स्वतःचा प्रताप सांगतो. एका रात्री उत्साहाच्या भरात एका नियतकालिकाचे दहा वर्षांचे अंक एका छोट्या प्रोग्रामने उतरवायला लावले आणि झोपलो. सकाळी त्या प्रकाशकाने अख्ख्या विद्यापीठाचा प्रवेश बंद केलेला. प्रॉक्सी एकच, त्यामुळे माझ्याबरोबर सगळे बाहेर. ग्रंथपालांनी बोलावून घेतलं. ओरडल्या नाहीत, फक्त करारातलं ते कलम मला मोठ्याने वाचायला लावलं. तेव्हापासून लेख एकेक करून उतरवतो.

मायना

बापरे. माझ्याकडून असं काही होणार नाही, प्रोग्राम म्हटलं की मला फक्त गाण्याचा आठवतो.

अनपेवॉल जोडलं. हिरवं कुलूप नाही, राखाडी. "सर्व आवृत्त्या" मध्येही फक्त सारांश. लेखिकेला ईमेल करायला धीर होत नाही. एवढ्या मोठ्या संशोधक, आणि मी कोण?

कपाटातला_कोळी

लेख वाचावा म्हणूनच त्यांनी लिहिलाय हो! सारांशाच्या पानावर पत्रव्यवहारासाठी ईमेल दिलेला असतो तो याचसाठी. चार ओळी पुरतात: तुम्ही कोण, विषय काय, कुठला लेख हवा, आभार. लेखाचं पूर्ण शीर्षक आणि डीओआय द्या, त्यांना शोधावं लागू नये. "तुमचं सगळं लेखन पाठवा" असं मात्र लिहू नका. मला आजवर बहुतेकांनी दोन-तीन दिवसांत पाठवलं. एकाने तर विदा (डेटा) सकट पाठवलं आणि वर माझीच शंका मला विचारली.

मायना

डीओआय म्हणजे तो १० ने सुरू होणारा लांबलचक आकडा ना? मी टिपणात ब्राउझरमधला पत्ता चिकटवते.

तळटीप

तोच. १०, टिंब, मग प्रकाशकाचा अंक, तिरकी रेघ, मग लेखाची खूण. संकेतस्थळ बदललं, नियतकालिक दुसऱ्या प्रकाशकाकडे गेलं, तरी डीओआय लेखापर्यंत पोचवतो. ब्राउझरमधला पत्ता चिकटवत असाल तर आता एक घोटाळा होईल: त्याला प्रॉक्सीचं शेपूट असेल. तो मार्गदर्शकांना पाठवलात तर त्यांना तुमच्या ग्रंथालयाचं लॉगिन पान दिसेल. टिपणात कायम डीओआय.

चौथ्याचं काय झालं? नाव नीट तपासलंत का? नियतकालिकं नावं बदलतात. नाव बदललं की आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांकही नवा मिळतो, आणि यादीत जुनं नाव शोधलं तर काहीच येत नाही. संदर्भसूचीत संक्षिप्त नाव असेल तर आणखी गोंधळ. नियतकालिक सोडा, लेखाचं शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोधा.

मायना

उशिरा आल्याबद्दल क्षमस्व, मधे परीक्षा होती.

चौथा: शीर्षक अवतरणात घालून शोधलं आणि पहिल्याच फटक्यात आला. नियतकालिकाचं नाव बदललंय, ग्रंथालयाच्या यादीत ते नव्या नावाखाली होतं. मार्गदर्शकांच्या सूचीत खंड क्रमांकही चुकीचा होता. त्यांना अजून सांगितलेलं नाही. आणखी दोन लेखकांनी तोच चुकीचा खंड छापलाय, म्हणजे एकाचं बघून दुसऱ्याने उतरवलंय.

१९८७ चा: जेस्टोरवर ते नियतकालिक नाही. ग्रंथालयात स्कॅनचा अर्ज भरला, तिसऱ्या दिवशी पीडीएफ आली. बांधीव खंडातूनच स्कॅन केलेली आहे, मधल्या शिवणीपाशी अक्षरं वाकलेली. तिसऱ्या पानावर कुणीतरी समासात पेन्सिलने लिहिलंय: "मुलं किती? फक्त नऊ?" मोजून बघितलं. खरंच नऊच आहेत. सारांशात हा आकडा कुठेच नाही आणि मी सारांशाच्या भरवशावर तो लेख माझ्या आराखड्यात मुख्य आधार म्हणून टाकून बसले होते. आराखडा बदलतेय.

तिसऱ्याच्या लेखिकेला काल रात्री ईमेल केलं, बरोबर चार ओळी. अजून उत्तर नाही. आलं की इथेच कळवते.