शब्दचर्चा : ‘चरित्र अभिनेता’ म्हणजे नेमका कोण?

मूळ प्रश्न

वॉल्टर ब्रेननबद्दलच्या एका लेखात ‘हॉलिवूडचा नामांकित चरित्र अभिनेता’ असा उल्लेख वाचला. मूळ इंग्रजी शब्द ‘कॅरेक्टर अ‍ॅक्टर’, म्हणजे नायकाऐवजी वेगळ्या धाटणीची, ठसठशीत पात्रं रंगवणारा नट. ज्याला ब्रेनन माहीत नाही त्याला वाटेल, हा चरित्रपटांत कामं करणारा नट असावा. आज लिंकन, उद्या एडिसन. मराठीत चरित्र म्हणजे कुणाची तरी जीवनकथा. माणसाच्या आचरणाला आपण चारित्र्य म्हणतो आणि नाटक-सिनेमातल्या माणसाला पात्र किंवा व्यक्तिरेखा. हिंदीत या सगळ्या अर्थांना ‘चरित्र’ कमीजास्त चालतो, आणि हा जोडशब्द आपण तिथूनच उचललेला दिसतो. मराठीत दुसरा शब्द आहे का? की ‘साहाय्यक अभिनेता’ म्हटलं की काम भागतं?

प्रतिसाद

भागतं की. ब्रेननला तीन ऑस्कर मिळाले, तिन्ही याच नावाखाली : सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेता. तीन ऑस्कर मिळवलेले पुरुष नट हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, आणि त्यांच्यात तिन्ही वेळा साहाय्यक म्हणून जिंकलेला हा एकटा. पुरस्कार देणाऱ्यांनीच नाव ठरवून दिलंय, मग आपण कशाला डोकं खाजवायचं?

(जाता जाता : ‘साहाय्यक’ बरोबर लिहिलंत. ‘सहाय’वरून ‘साहाय्य’ होतं. वर्तमानपत्रांत सर्रास छापतात ते ‘सहाय्य’ म्हणजे दोन्हींची खिचडी.)

प्रतिसाद

माझं मत वेगळं आहे, आणि त्याला ब्रेननचीच कारकीर्द साक्ष आहे. जरा लांबण लागेल.

‘साहाय्यक’ हा शब्द नट कसा आहे ते सांगत नाही. पंगतीत त्याचं पान कुठे मांडलं, एवढंच सांगतो. 1936 सालच्या चित्रपटांसाठी ऑस्कर देणाऱ्या अकादमीने हा पुरस्कार पहिल्यांदा दिला, तो ब्रेननलाच मिळाला. नायक-नायिकांना तोवर कित्येक वर्षं पुरस्कार मिळत होते. नव्या विभागात जिंकणाऱ्यांना ती प्रसिद्ध सोनेरी बाहुलीही देत नसत, पाटी देत. 1943च्या चित्रपटांपासून साहाय्यकांना बाहुली मिळू लागली. म्हणजे ब्रेननने 1936, 1938 आणि 1940 अशी तीनदा बाजी मारली आणि तिन्ही वेळा पाटीच घेऊन घरी गेला. मानपानाची भाषा झाली ही, अभिनयाची नव्हे.

आता चित्रपट बघा. पहिला ‘कम अँड गेट इट’. विस्कॉन्सिनच्या जंगलतोडीच्या धंद्यातली गोष्ट. ब्रेनन त्यात स्वीडिश लाकूडतोड्या झालाय, स्वान बोस्ट्रम. जन्म मॅसॅच्युसेट्सचा, घराणं आयरिश, आणि पडद्यावर इंग्रजी बोलतोय ते स्वीडिश हेल काढून. या चित्रपटाचा नायक कोण? एडवर्ड आर्नल्ड. जाडजूड, चाळिशी उलटलेला, एरवी पैसेवाले, दांडगे, मतलबी गृहस्थ रंगवणारा. तोही हाडाचा कॅरेक्टर अ‍ॅक्टर, फक्त या खेपेला नावांच्या यादीत वर बसलेला. दोघांच्या कामाची जात एक. पण एक प्रमुख, दुसरा साहाय्यक.

तिसरा पुरस्कार ‘द वेस्टर्नर’चा. नाव वर गॅरी कूपरचं. पण चित्रपट बघून उठल्यावर डोक्यात राहतो तो ब्रेननचा जज रॉय बीन : टेक्ससमधल्या दारूच्या गुत्त्यात कोर्ट भरवणारा, स्वतःला कायदा समजणारा आणि लिली लँगट्री नावाच्या नटीच्या तसबिरींसमोर विरघळणारा. रॉय बीन खरोखर होऊन गेला. मूळ प्रश्नकर्त्यांना इथे हसू येईल, कारण या एका चित्रपटात ब्रेनन मराठी अर्थानेसुद्धा चरित्र अभिनेता ठरतो! पण मुद्दा असा की ही भूमिका लांबीने आणि वजनाने नायकाच्या बरोबरीची आहे. तिला साहाय्यक म्हणायचं ते केवळ कूपर चित्रपटात आहे म्हणून.

आणि मग 1957. ब्रेनन 63 वर्षांचा, आणि ‘द रिअल मॅकॉइज’ ही दूरदर्शन मालिका सुरू होते. वेस्ट व्हर्जिनियातून कॅलिफोर्नियात शेती करायला आलेलं कुटुंब, आणि त्यातला लंगडत चालणारा, सगळ्यांच्या कामात नाक खुपसणारा आजोबा म्हणजे ब्रेनन. मालिका 1963पर्यंत चालली. श्रेयनामावलीत नाव त्याचं पहिलं. आता साहाय्यक कुणाचा म्हणणार त्याला? आणि तरी चाल, बोलणं, किरकिर सगळं तेच. प्रमुख झाल्यामुळे तो कॅरेक्टर अ‍ॅक्टर राहिला नाही, असं तिथे कुणीच म्हटलं नाही. हुद्दा बदलला, जात बदलली नाही.

ही जात कशात होती? बरीचशी तोंडात, शब्दशः. 1932 साली चित्रीकरणाच्या वेळी झालेल्या अपघातात त्याचे दात गेले आणि कवळी आली. नायक व्हायची स्वप्नं बघणाऱ्या नटाचा धंदा तिथेच बसला असता. ब्रेननने कवळी कामाला लावली. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स किस्सा सांगत असे : ‘बार्बरी कोस्ट’साठी ब्रेननला वाचायला बोलावलं, तर त्याने आधी विचारलं, “घालून की काढून?” “काय?” “दात.” काढून ठेवले की गाल आत, हनुवटी वर, आवाज फसफसता, आणि चाळिशीचा माणूस बघता बघता सत्तरीचा. ‘रेड रिव्हर’मध्ये तर कवळीचंच उपकथानक आहे. पत्त्यांच्या डावात तो ती एका सोबत्याकडे हरतो आणि प्रत्येक जेवणापुरती त्याच्याकडून मागून घ्यावी लागते.

नायकाचा चेहरा सगळीकडे तोच लागतो, कारण लोक तो बघायला पैसे मोजतात. ब्रेननला घेतात ते पात्रासाठी चेहरा मोडून देतो म्हणून. माझ्या मते कॅरेक्टर अ‍ॅक्टरची खूण ही. ‘साहाय्यक’ या शब्दात तिचा मागमूस नाही.

प्रतिसाद

चेहरा मोडून देतो म्हणता, पण नंतरची वीस वर्षं एकाच साच्यातून काढल्यासारखे म्हातारे दिले की त्याने! ‘टू हॅव अँड हॅव नॉट’मधला दारुडा एडी, ‘रेड रिव्हर’मधला आचारी, ‘रिओ ब्राव्हो’मधला तुरुंगावरचा लंगडा पहारेकरी स्टम्पी. एकाचे संवाद दुसऱ्याला दिले तर कुणाला कळणार नाही. याला आपल्याकडे ठरावीक छापाची भूमिका म्हणतात. मला ब्रेनन आवडतो, गैरसमज नको. पण फार मोठा अभिनय म्हणून त्याचा गौरव होतो तेव्हा थोडं हसू येतं.

तीन पुरस्कारांचंही एक कारण तिकडे सांगतात. तेव्हा अकादमीच्या मतदानात एक्स्ट्रांनाही मत होतं. ब्रेनन पहिल्या महायुद्धातून परतल्यावर लॉस एंजेलिसमध्ये जमिनींच्या व्यवहारात कमावून सगळं गमावलेला, आणि पोटासाठी एक्स्ट्रा म्हणून सिनेमात शिरलेला. गर्दीतल्या लोकांना तो आपला वाटायचा.

प्रतिसाद

आपल्या माणसाला मत दिलं असेल, नाही कशाला म्हणा. पण छापाबद्दल असहमत.

1946चा ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ बघा. म्हातारा क्लँटन. ब्रेनन तोच, वय तेच, दाढीही वाढलेली. पण इथे बडबड नाही, लंगडणं नाही, गोडवा नाही. मोठमोठ्या पोरांना चाबकाने फोडतो, तेही त्यांनी पिस्तूल काढून माणूस मारला नाही म्हणून. वर्षा-दोन वर्षांपूर्वीच्या एडीवर जीव लावलेल्या प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. स्टम्पीचे संवाद याला देऊन दाखवा.

एडीसुद्धा नुसता दारुडा नाही. जो भेटेल त्याला तो विचारतो, “तुला कधी मेलेली मधमाशी चावलीये का?” अडाण्याच्या इंग्रजीत, मुद्दाम चुकीच्या व्याकरणात. बहुतेक जण त्याला वेड्यात काढतात. नायिका लॉरेन बकॉल उलट त्यालाच तो प्रश्न विचारते, आणि प्रेक्षकाला कळतं की ही बाई कामाची. एका फालतू प्रश्नाने माणसं पारखायची आणि स्वतः मात्र येडबंबू दिसायचं, हे साच्यातून निघत नाही.

प्रतिसाद

तुम्ही सगळे हॉलिवूडमध्ये रमलात, पण शब्द मुंबईत घडलाय, म्हणून थोडं इकडचं. हिंदी सिनेमाच्या धंद्यात ‘चरित्र अभिनेता’, ‘चरित्र भूमिका’ हे शब्द रुळलेले आहेत, आणि त्यांचा कल वयाकडे आहे : बाप, आजोबा, डॉक्टर, न्यायाधीश, देवळातला पुजारी. ए. के. हंगल पन्नाशीत सिनेमात आले आणि थेट याच खणात बसले. ‘अमका आता चरित्र भूमिका करू लागलाय’ याचा सरळ अर्थ : नायकपणाचं वय संपलं. ललिता पवारांचं उदाहरण ब्रेननच्या दातांशी मिळतंजुळतं आहे. 1942मध्ये चित्रीकरणात थप्पड लागून डोळ्याला इजा झाली, नायिकेची कामं थांबली, आणि त्याच डोळ्याने पुढे पिढ्यान्‌पिढ्या सुनांना धाक घातला.

अमेरिकी शब्दाला वयाची अट नाही. एलिशा कुक ज्युनिअर घ्या. ‘द माल्टीज फाल्कन’ 1941चा. कुक 37 वर्षांचा आणि काम करतोय ते सगळ्यांनी हिणवलेल्या, खिशात दोन पिस्तुलं ठेवून रागाने डोळे ओले करणाऱ्या पोराचं. ‘शेन’मध्ये तोच तापट शेतकरी, चिखलात गोळी खाऊन पडणारा. ‘द किलिंग’मध्ये बायकोने नाचवलेला रोखपाल. बुटका, मोठ्या डोळ्यांचा, कायम हरणारा. म्हातारा कुठेच नाही, पण कॅरेक्टर अ‍ॅक्टर शंभर टक्के. त्याला मराठीत ‘चरित्र अभिनेता’ म्हटलं तर वाचक पांढरे केस शोधत बसेल.

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ता)

सगळ्यांचे आभार. ‘साहाय्यक’ मी पुरस्कारापुरता ठेवतो, हे पटलं. पण पर्याय? ‘स्वभावनट’ सुचतो, त्यात ‘स्वाभाविक अभिनय करणारा’ असा घोटाळा होईलसं वाटतं. ‘वल्ली रंगवणारा’ ब्रेननला चपखल, क्लँटनला नाही. संगीत नाटकवाल्यांकडे राजापार्ट, स्त्रीपार्ट, खलपार्ट अशी कामावरून नटाला ओळखायची सोय होती, पण यासाठी वेगळा पार्ट ऐकलेला नाही.

प्रतिसाद

‘कॅरेक्टर आर्टिस्ट’ म्हणा की सरळ. नाटकाच्या बसमध्ये तेच म्हणतात.

प्रतिसाद

शब्द पुल्लिंगीच का शोधताय सगळे? थेल्मा रिटर राहिली. ब्रुकलिनची. 1947मध्ये ‘मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट’मध्ये ख्रिसमसच्या खरेदीने मेटाकुटीला आलेली एक आई, श्रेयनामावलीत नावसुद्धा नाही. त्यानंतर 1950 ते 1962 या काळातल्या कामांसाठी सहा वेळा नामांकन, पुरस्कार एकदाही नाही. ‘ऑल अबाउट ईव्ह’मध्ये ईव्हचं ढोंग सगळ्यांच्या आधी तीच ओळखते आणि निम्म्यातच कथेतून नाहीशी होते. ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’मध्ये टाय विकणारी आणि त्यासोबत पोलिसांना खबरी विकणारी मो, स्वतःच्या बऱ्या अंत्ययात्रेसाठी पैसे साठवते आहे. ‘बर्डमन ऑफ अल्काट्राझ’मध्ये बर्ट लँकेस्टरची आई, आणि लँकेस्टर तिच्याहून अवघा अकरा वर्षांनी लहान.

हिला ‘चरित्र अभिनेत्री’ लिहायला माझा हात धजत नाही, कारण मराठी वाचक लगेच ‘चारित्र्य’ वाचतो आणि भलतीकडेच जातो. ‘कॅरेक्टर आर्टिस्ट’ निदान बाईला आणि बुवाला एकच राहतो. दुसरा कुणाकडे असेल तर लिहा.