मोबाईल एकच, तोही बाईंचा

'मुलांच्या हातात मोबाईल दिला की वर्ग हातातून गेला,' असं बरेच जण म्हणतात. अर्धं पटतं. पण मुलांच्या हातात द्यायलाच हवा असं कुठंय?

मी कळव्याला आठवीला विज्ञान शिकवते. प्लिकर्स नावाचं पर्यायी प्रश्नांचं ॲप वापरते. प्रत्येक मुलाकडे काळ्या ठोकळ्यांची नक्षी असलेलं एक कागदी कार्ड. उत्तर ए असेल तर ए लिहिलेली बाजू वर धरायची, बी असेल तर कार्ड फिरवायचं. मी माझ्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते, कोणी काय उत्तर दिलं ते पडद्यावर दिसतं. प्रत्येकाची नक्षी वेगळी आणि अक्षरं बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून कार्ड धरणारे हमखास आपटतात! एरवी तोंड न उघडणारी मागच्या बाकावरची पोरंही उत्तर देतात, हा मोठा फायदा. कार्डं मात्र जाड कागदावर छापा, नाहीतर आठवड्यात त्यांची वळकटी होते.

दुसरं म्हणजे फेट. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ साली सुरू केलेला प्रकल्प, फुकट, बरीचशी सिम्युलेशन्स (म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग) मराठीतही. धाराविद्युत शिकवताना विद्युत परिपथाचं सिम्युलेशन प्रोजेक्टरवर लावलं. एकाने बॅटरीची दोन्ही टोकं थेट तारेने जोडली, पडद्यावर आग लागली आणि वर्गात जल्लोष. शॉर्टसर्किट पुन्हा समजावावं लागलं नाही. फाईल घरूनच उतरवून आणते, कारण शाळेतलं नेट म्हणजे आलं तर आलं.

तरी खरी तार आणि बल्ब मी सोडलेले नाहीत. पडद्यावर चटका बसत नाही ना.