किल्ली फिरवली, दिवे लागले, तरी मोटारसायकल सुरू होत नाही: आपले अनुभव लिहावेत

लालबागकर:
काल दुपारच्या सरीनंतर आमच्या चाळीखाली शेजारचा मुलगा बराच वेळ सेल्फचे बटण दाबत होता आणि गाडीतून नुसती टकटक ऐकू येत होती, तेव्हा मला वडिलांची जुनी बुलेट आठवली. तिच्या हेडलाइटच्या वर एक छोटा अँमीटर, म्हणजे करंट दाखवणारा काटा, होता. किल्ली फिरवून वडील किक अगदी सावकाश खाली दाबत आणि काट्याकडे पाहत. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, मिटले की काटा उणेकडे झुके, उघडले की मध्यावर येई. काटा असा हलला म्हणजे बॅटरीचा करंट ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलपर्यंत पोहोचतो आहे, हे त्यांना जोरात किक मारण्याआधीच कळत असे. काटा जागचा हललाच नाही, तर ते झाकण उघडून कोऱ्या कागदाची पट्टी पॉइंटांमधून फिरवत आणि फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर आहे ना, हे फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्टीने) पाहत. आजच्या गाड्यांत पॉइंटही नाहीत आणि तो काटाही नाही. पेट्रोल व्यवस्थित असताना केवळ विजेच्या दोषाने आपली गाडी अडली असेल, तर अमुक भाग बदलला एवढेच न लिहिता, दोष त्याच भागात आहे हे कशावरून ठरवले, ते कृपया लिहावे.

भांडुपकर:
सलग टकटक म्हणजे बहुतेक वेळा बॅटरीच. रिले, म्हणजे सेल्फ मोटरला करंट जोडणारा विजेचा स्विच, ओढला जातो, पण मोटरला करंट लागताच व्होल्टेज कोसळते आणि रिले सुटतो. एकच जोरदार ‘ठक’ येऊन पुढे शांतता असेल, तर रिलेचे संपर्क किंवा सेल्फ मोटरचे कार्बन ब्रश तपासावेत, आणि काहीच आवाज नसेल तर आधी फ्यूज आणि किल स्विच (इंजिन बंद करण्याचे हँडलवरचे बटण) पाहावा. माझ्या गाडीची बॅटरी उभ्या गाडीवर १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणून मी तिला निर्दोष मानत होतो. परंतु बटण दाबून धरल्यावर व्होल्टेज मोजणारा मीटर ८ च्याही खाली गेला. सेल्फ फिरत असताना सुमारे ९.६ व्होल्ट टिकत नसतील, तर बॅटरीचा उभा आकडा कितीही चांगला असो, ती कामाची नाही.

बोरिवलीकर:
भांडुपकरांच्या म्हणण्याला एक महत्त्वाची जोड द्यावीशी वाटते. बॅटरी संपलेली आढळली, तरी ती का संपली हा प्रश्न उरतोच. मला एका दुकानात नवी बॅटरी बसवून दिली आणि तीही लवकरच झोपली, कारण गाडी तिला चार्जच करत नव्हती. इंजिन थोडे रेस करून बॅटरीच्या टोकांवर १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत, माझ्याकडे १२.३ मिळाले. मग इंजिनमध्ये वीज तयार करणाऱ्या मॅग्नेट कॉइलच्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर (जोड) सोडवला आणि मीटर एसीवर ठेवून दोन-दोन वायरींच्या जोड्या मोजल्या. तिन्ही जोड्यांत व्होल्टेज जवळपास सारखे होते आणि कोणत्याही पिवळ्या वायरीचा इंजिनच्या बॉडीशी संपर्क नव्हता, म्हणजे कॉइल ठीक होती. दोष पुढे रेक्टिफायरमध्ये (एसीचे डीसी करणाऱ्या भागात) होता; त्याच्या कपलरची एक पिन जळून काळी पडली होती. चार्जिंग तपासण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीचे टोक काढण्याची जी जुनी पद्धत अजून दिसते, ती कृपया कोणी वापरू नये. त्या क्षणी व्होल्टेज उसळते आणि ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) कायमचा निकामी होऊ शकतो.

कलिनाकर:
२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी माझी गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. प्लग सुकवून आणि ऑइल बदलून ती सुरू झाली. खरा त्रास पावसाळा संपल्यावर सुरू झाला, कारण पाणी कपलरमधून वायरीच्या आवरणाखाली शिरले होते आणि आतले तांबे हिरवे होत चालले होते. बाहेरून वायर अगदी नवी दिसे. मेकॅनिकने आवरण थोडे सोलून दाखवले, तेव्हा आतून भुकटी पडली. बुडालेली गाडी सुरू झाली म्हणजे वाचली, असे कोणी समजू नये. प्रत्येक कपलर उघडून, सुकवून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पुन्हा जोडणे त्याच आठवड्यात व्हायला हवे.

वरळीकर:
समुद्राकाठी पूर येण्याचीही गरज नसते. खाऱ्या हवेने माझ्या गाडीचा साइड स्टँडचा स्विच गंजला. न्यूट्रलमध्ये गाडी सुरू होई आणि गिअर टाकताच बंद पडे. स्विचचा कपलर काढून जोडणी असली की वाजणाऱ्या मीटरच्या बझरने पाहिले, तर स्टँड वर घेऊनही तो जोडला जात नव्हता.

माझगावकर:
गोदीच्या बाजूला उंदीर फार आहेत, त्यामुळे मी आधी कुरतडलेल्या वायरींचाच शोध घेत होतो. दोष मात्र हँडलच्या मानेपाशी निघाला, जिथे सगळी वायरिंग रोज डावी-उजवी वळते. आवरण शाबूत आणि आत तारा तुटलेल्या. हँडल उजवीकडे वळवले की सगळे दिवे जात, डावीकडे घेतले की परत येत, आणि हेच निदान होते. त्याआधी एका मेकॅनिकने वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून दिली होती. मी ती तत्काळ काढली. फ्यूज उडतो तो वायरिंग पेटू नये म्हणूनच, त्यामुळे तिथे ठरलेल्या अँपिअरचा फ्यूजच हवा.

चेंबूरकर:
सर्वांचे मनापासून आभार. माझी गाडी बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांची) आहे आणि तिला किक नाही. बॅटरी अगदी संपली असेल, तर मुलाला मागून ढकलायला सांगून ती सुरू होईल का?

बोरिवलीकर:
ताई, बॅटरी पूर्ण संपली असेल तर आशा धरू नये. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ गाड्या बहुतांशी फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. ईसीयूला आणि टाकीतल्या पंपाला पुरेसे व्होल्टेज मिळाल्याशिवाय पेट्रोलच पुढे जात नाही. किल्ली फिरवल्यावर पंपाचा जो बारीक घूंऽऽ आवाज येतो, तो येतो का ते ऐकावे. तो आला आणि सेल्फ मात्र फिरत नसेल, तर ढकलून पाहण्यात अर्थ आहे.

लालबागकर:
आणि ताई, आपली बॅटरी नवी असेल तर अर्थिंगही, म्हणजे बॅटरीच्या उण्या टोकाची इंजिनशी जोडणीही, पाहावी. मीटरची एक पिन बॅटरीच्या उण्या टोकावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ दाबावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले, तर अर्थची वायर किंवा तिचा बोल्ट गंजला आहे. बझर वाजतो म्हणून ती वायर चांगली असे मानू नये, कारण एक तार शिल्लक असली तरी बझर वाजतो. सेल्फचा करंट तिच्यातून जात नाही.

चेंबूरकर:
मीटर कुठला घ्यावा?

भांडुपकर:
लॅमिंग्टन रोडवर साधा डिजिटल मीटर सहज मिळतो. एसी, डीसी, ओहम आणि बझर एवढे असले की या कामाला पुरे.

वरळीकर:
लालबागकर, माझ्या भावाच्या किकच्या गाडीबद्दल विचारायचे आहे. बॅटरी चांगली आहे, दिवे चांगले आहेत, फक्त पावसात स्पार्क जातो आणि ऊन पडले की परत येतो.

लालबागकर:
प्लगची टोपी आणि कॉइलची जाड वायर पाहावी. अंधारात पाण्याचा हलका फवारा मारून किक मारली, तर गळणारी ठिणगी निळी चमकताना दिसते. तेव्हा हात दूर ठेवावा आणि आसपास पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री करावी. टोपी बहुधा वायरीवर आट्यांनी बसलेली असते; ती फिरवून काढून वायरीचे टोक ५ मिलिमीटर कापावे आणि ताज्या तांब्यावर नवी टोपी फिरवून बसवावी. वायरीलाच चीर गेली असेल आणि ती कॉइलमध्ये कायमची बसवलेली असेल, तर मात्र कॉइल बदलावी लागेल.