होडीच्या टपावर भारी सोलर पॅनल घ्यावेत का?

हर्णैचा_पोर

नमस्कार मंडळी. आमची गिलनेटची होडी हर्णै बंदरातली. सहा खलाशी, एकेक फेरी चार-पाच दिवसांची. वडील तांडेल (होडीचे प्रमुख) आहेत. मी पुण्यात नोकरी करतो आणि होडीची खरेदी, कागदपत्रं बघतो. गेल्या फेब्रुवारीत रात्री जाळं टाकून इंजिन बंद केलं आणि पहाटे स्टार्टर फिरेचना. जीपीएस, फिशफाइंडर, वायरलेस, दिवे, सगळ्यांचे मोबाइल, सगळंच एका बॅटरीवर. शेजारच्या होडीने ओढून आणलं. बर्फ विरघळला, मासळी गेली, ते एक वेळ सोडा. पण आई त्या दिवशी सकाळपासून बंदरावर उभी होती, ते डोक्यातून जात नाही.

आता सोलर बसवायचं पक्कं आहे. टपावर अँटेना आणि बोया सोडून पाच फूट बाय साडेचार फूट जागा मोकळी आहे. एका दुकानदाराने खास बोटींसाठीचे परदेशी पॅनल सुचवले, दोन मिळून ५८ हजार. साधे मोनो, २०० वॅटचे दोन, १७ हजारांत येतात. वडील म्हणतात समुद्रावर हलक्या दर्जाची वस्तू नेऊ नये. ४१ हजारांचा फरक वसूल होतो का? ज्यांनी वापरलेत त्यांनी कृपया सांगा.

मालवण_वायरमन

दादा, आधी रोजची वीज मोजा. तुम्ही लिहिलंय त्यावरून धरतो: जीपीएस-फिशफाइंडर १५ वॅट, १४ तास, म्हणजे २१० वॅट-तास. वायरलेस नुसता ऐकत ठेवला तरी ५ वॅट, दिवसरात्र, १२०. नांगरावरचा एलईडी दिवा रात्रभर २५. केबिनचे दिवे ७५, सहा मोबाइल ९०. झाले ५२०. आपल्या किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मे रोज साडेचार तास पूर्ण ताकदीचं ऊन धरा आणि उष्णता, मीठ, वायर यांपायी तीस टक्के सोडून द्या. २०० वॅटचा एक साधा पॅनल ६३० देतो. दोन लावलेत तर ढगाळ दिवसही निघतो.

भारी पॅनलचा मोठा गुण म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त वीज. साधा २० टक्के कार्यक्षम, भारी २२-२३. म्हणजे चौरस मीटरमागे वीस-तीस वॅट जास्त. साधा पॅनल साधारण पाच फूट लांब आणि सव्वादोन फूट रुंद येतो, तुमच्या टपावर दोन शेजारी शेजारी बसतात (घेण्याआधी टेप लावून बघा, क्लिपांनाही जागा लागते). उष्णतेचं म्हणाल तर एप्रिलमध्ये पॅनल ६५ अंशांपर्यंत तापला की साध्याची ताकद १४ टक्क्यांनी उतरते, भारीची साडेअकराने. दोनशे वॅटला पाच वॅटचा फरक. एवढ्यासाठी ४१ हजार घालू नका.

खरी नासाडी सावली करते. बारा व्होल्टच्या पॅनलमध्ये ३६ सेल एकामागोमाग जोडलेले असतात आणि बहुतेकांत बायपास डायोड (सावलीतल्या सेलना वळसा घालून वीज पुढे नेणारे) दोनच. एका सेलवर गडद सावली आली की अर्धा पॅनल बाद होतो. उरलेला नऊ-दहा व्होल्ट देतो आणि बॅटरी साडेबाराची, मग त्यात शिरणार काय? देवबागच्या एका होडीवर क्लॅम्प मीटर लावून बसलो होतो. नऊ अँपिअर येत होते. टपावरच्या भोंग्याची सावली कोपऱ्यातल्या एका सेलवर सरकली आणि आकडा शून्याशी आला. भोंगा हातभर मागे घेतला, पुन्हा नऊ. अशा ठिकाणी भारी पॅनल लावला असता तरी बॅटरी रिकामीच राहिली असती.

सोलंटकाठची

मी मूळची अलिबागची, आता साउदॅम्प्टनजवळ राहते. आमची २८ फुटी शिडाची बोट आहे आणि आम्ही भारी पॅनल घेतले, त्याचा पस्तावा नाही. पण कारणं ऐका. इथे डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर येतो, हर्णैला तेव्हा ४९ असतो. आमच्याकडे सपाट जागा फक्त मागच्या कमानीवर, एकच पॅनल मावतो. आणि आम्ही आठवडेच्या आठवडे इंजिन लावत नाही. तुमचं इंजिन रोज काही तास चालतं, तेव्हा अल्टरनेटर बॅटरी भरतोच. तुमच्या जागी मी असते तर साधेच घेतले असते.

रेवदंड्याचा_खलाशी

दुकानदार चिकटवायचे, वाकणारे पॅनल देत असेल तर जपून. आमच्या केबिनवर तसेच बसवले होते, महागाचे. खालून वारा नाही, दुपारी हात ठेववत नव्हता. दुसऱ्या उन्हाळ्यात मधोमध करड्या रंगाचा, नाण्याएवढा जळका डाग पडला आणि पॅनल गेला. काचेचे साधे घ्या, खाली दोन इंच फट ठेवा. सकाळी गोड्या पाण्याच्या फडक्याने मीठ आणि पाखरांची घाण पुसली की झालं.

हर्णैचा_पोर

सगळ्यांचे मनापासून आभार. दुकानदाराचे पॅनल चिकटवायचेच आहेत, आज विचारून घेतलं. म्हणजे साधे पक्के. पण वडिलांचा मुद्दा राहतोच. मिठाने साधे पॅनल दोन वर्षांत खराब झाले तर?

मालवण_वायरमन

वडील बरोबर बोलतायत. फक्त त्यांचं म्हणणं पॅनलपेक्षा वायरीला जास्त लागू आहे. पॅनल घेताना आयईसी ६१७०१ चा दाखला मागा, ती खाऱ्या धुक्याची चाचणी आहे. घरांच्या छपरावरच्या कितीतरी साध्या पॅनलांनाही तो दाखला असतो. वायर मात्र कथील चढवलेल्या तांब्याचीच घ्या. साधी तांब्याची वायर दोन मोसमांनी सोलून बघितलीत तर आवरणाच्या आत वीतभर काळी पडलेली दिसेल, बाहेरून पत्ताही लागत नाही. बोल्ट स्टेनलेसचे आणि अॅल्युमिनियमच्या चौकटीला ते थेट भिडू नयेत म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर. एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा) चांगल्या कंपनीचा. बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज, तो विसरू नका.

आणि वाचलेल्या पैशांतून पहिल्यांदा इंजिनासाठी वेगळी बॅटरी घ्या. तिच्यावर स्टार्टरशिवाय काहीही नको, मोबाइलसुद्धा नाही. फेब्रुवारीत सोलर नव्हतं म्हणून तुम्ही अडकला नाहीत. दिवे आणि इंजिन एकाच बॅटरीवर होते म्हणून अडकलात.

हर्णैचा_पोर

हे वाक्य बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, बॅटरी याच आठवड्यात आण, पॅनल नंतर बघू. एक शेवटचं विचारतो. १ जून ते ३१ जुलै बंदीत होडी आंजर्ल्याच्या खाडीत ताडपत्रीने शाकारलेली असते. तेव्हा पॅनल काढायचे का?

मालवण_वायरमन

पॅनल राहू देत, पण ताडपत्रीखाली ऊन नाही म्हणजे चार्जिंगही नाही. दोन्ही बॅटऱ्या घरी न्या, महिन्यातून एकदा चार्जरवर लावा. नेताना आधी पॅनलची वायर कंट्रोलरमधून काढा, मग बॅटरीची. परत जोडताना उलट, आधी बॅटरी.